समुद्राला जायचं कारण

मच्छिंद्र वयाच्या बावन्नाव्या वर्षीही 'चिटबॉय' होता. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात असं एक पद असतं. शेतोशेती फिरून उसाची नोंद घ्यायची आणि हंगाम लागला की कुणाचा ऊस कधी तुटणार ते सांगायचं. यातलं पहिलं काम पायाचं आणि दुसरं जिभेचं. पायाचं काम त्यानं पुढे मोटरसायकलवर सोपवलं. जिभेचं मात्र शेवटपर्यंत स्वतः केलं. 'परवा तोडणीची टोळी येती,' असं त्यानं सांगितलं की ऐकणाऱ्याला कळायचं, अजून पंधरवडा निवांत आहे, आणि तो चहा पाजून त्याला वाटेला लावायचा. त्याच्या गावी, वडीगोद्रीत, कुणी वेळेवर येणार नसेल तर लोक म्हणत, 'मच्छिंद्रच्या परव्याला येईल.' याला कुणी खोटं म्हणत नव्हतं. मच्छिंद्र तर नाहीच नाही. शेतकऱ्याला आशेवर ठेवणं हे त्याच्या मते खतपाण्याइतकंच गरजेचं होतं.

तर अशा माणसाला समुद्रावर जायचं होतं.

वडीगोद्रीतून बाहेरगावी जायला चार कारणं चालतात. देव, लग्न, दवाखाना आणि मयत. या चारांत न बसणारा प्रवास कुणी करत नाही असं नाही, पण तो करून आल्यावर माणूस या चारांपैकी काहीतरी सांगतो. मच्छिंद्रच्या घरात तर हा नियम जरा जास्तच कडक होता, कारण घरचा कारभार थोरला भाऊ सोमेश्वर पाहायचा आणि त्यानं स्वतः मोसंबीची बाग सोडून उभ्या आयुष्यात तुळजापूरपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं.

समुद्रावर मच्छिंद्रचा दोस्त राहत होता. देवानंद मयेकर. मालवणकडचा हा माणूस तरुणपणी कारखान्याच्या लॅबोरेटरीत केमिस्ट म्हणून आला आणि मच्छिंद्रच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहिला. ज्वारीची भाकरी पहिल्यांदा पाहून त्यानं मच्छिंद्रच्या आईला, तुळजाबाईला, विचारलं होतं, "आई, ह्या गिळतात कसा?" तुळजाबाईनं भाकरी दुधात कुस्करून दाखवली. नऊ वर्षं तो तिच्या हातचं जेवला. मग गावी परतला, घराच्या चार खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आणि दरसाल फोन करू लागला, "मच्छिंद्रा, कुटुंबाक घेऊन ये रे." मच्छिंद्र म्हणायचा, "या साली नक्की." देवानंद नऊ वर्षं कारखान्यात काढलेला माणूस. त्याला 'नक्की'चा अर्थ कळत होता.

या वर्षी मात्र हंगाम लवकर आटोपला आणि मुलीची, अक्षताची, बारावीही झाली. बायको साधनानं न बोलता सुटकेस उन्हात टाकली. संध्याकाळी पानावर बसल्यावर मच्छिंद्रनं विषय काढला.

"दादा, आम्ही आठ दिवस देवानंदकडं जाऊन येतो."

सोमेश्वरचा घास थांबला. "कशाला?"

प्रश्न साधा होता. खरं उत्तरही साधं होतं: दोस्ताशेजारी पाण्याकडं तोंड करून बसायला. मच्छिंद्रनं ते वाक्य मनात जुळवून पाहिलं. या घरात असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते तोंडातून कसं काढायचं हेच त्याला कळेना. तेवढ्यात जिभेनं सवयीनं काम उरकलं.

"लई आजारी हाय तो."

"काय झालं?"

"हार्टचं. ऑपरेशन झालं."

तुळजाबाईच्या हातातली भाकरी ताटात पडली. सोमेश्वर उठला, हात धुतला आणि खुंटीवरची आपल्या गाडीची चावी काढून मच्छिंद्रच्या पुढ्यात ठेवली. "यष्टीनं नको जाऊ. बायकापोरं घेऊन जा, भेटून ये. माणसानं माणसाला कवा भेटायचं?" सोमेश्वरच्या बायकोनं, दैवशालानं, डोळ्याला पदर लावला. आणि तुळजाबाई सकाळी लवकर बागेत गेली, एकेक मोसंबी दाबून, वास घेऊन पोतंभर काढून आणली. आजाऱ्याला मोसंबी न्यायची असते. आमच्याकडं बसस्टँडवर कुणी डझनभर मोसंबी घेतली तर फळवाला आपणहून विचारतो, कोणतं हॉस्पिटल?

गाडी शहागडच्या पुलावर आली. गोदावरी मागं पडल्यावर साधना म्हणाली, "ऑपरेशन कशाला केलं त्यांचं? साधा ताप दिला असता."

"साध्या तापाला दादानं गाडी दिली नसती."

"मंग टायर पंक्चर होऊन परतायला उशीर झाला तर मयतच झाली म्हणून सांगा."

मागून अक्षता म्हणाली, "पप्पा, स्टेटसला फोटो टाकू ना समुद्राचे?"

"बिलकुल न्हाई."

"मंग समुद्र बघून उपयोग काय?"

वाटेत एक मुक्काम करून, घाट उतरून ते दुसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा ऑपरेशन झालेला माणूस अर्धी चड्डी घालून, खांद्यावर नारळांचा घड घेऊन अंगणात उभा होता. पूर्वी काटक असलेला देवानंद आता दारात मावत नव्हता. त्यानं घड टाकला आणि मच्छिंद्रला जमिनीवरून उचललं. "इलो रे मेलो! ज्योत्स्ना, बाहेर ये गो, चिटबॉय इलो! परवा म्हणान सांगितलेलो, बावीस वर्षांनी उगवलो!"

ज्योत्स्ना, त्याची बायको, हात पुसत आली आणि तिनं साधनाच्या हातातली पिशवी आधी काढून घेतली. देवानंद डिकी रिकामी करायला लागला. पोतं उघडून आत पाहिलं. "मोसंबी? इतकी? कोण ॲडमिट असा?"

"मायनं दिली," मच्छिंद्र म्हणाला. हे खरं होतं. त्याला जरा बरं वाटलं.

पहिला दिवस फार सुखाचा गेला. घराच्या पडवीतून उतरलं की सुरूची झाडं, आणि झाडं संपली की पाणी. अक्षता भिजली, साधना गुडघ्यापर्यंत गेली आणि लाटेला 'अगं बाई' म्हणून परत आली. कुणी मच्छिंद्रला 'कधी?' म्हणून विचारत नव्हतं. देवानंद शेजारी बसून कारखान्यातल्या गोष्टी काढत होता. मच्छिंद्रनं इतकी वर्षं बोलून जे कमावलं नव्हतं ते इथं गप्प बसून मिळत होतं, आणि हे आपल्याला कुणी आधी का सांगितलं नाही असं वाटून तो देवानंदवर थोडा रागावलासुद्धा. मग आठवलं, दरसाल तोच तर सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानावर सुरमई होती. नावातच मासा घेऊन जन्मलेल्या मच्छिंद्रला मासा खाता येत नव्हता, म्हणून देवानंद त्याला काटे काढून देत होता. तेवढ्यात दैवशालाच्या नंबरावरून फोन आला. बोलत होती तुळजाबाई.

"कसा हाय रं तो?"

"हाय. बरा हाय जरा."

"खातो का काही?"

समोर देवानंद माशाचं डोकं चोखत होता. "खातो," मच्छिंद्र म्हणाला. "थोडं थोडं."

"फोनवर दे न. दोन शब्द बोलते."

"डॉक्टरनं बोलायला मनाई केली माय."

मच्छिंद्र फोन घेऊन पडवीत आला. भरतीची वेळ होती.

"ते घस्स घस्स कशाचं वाजून राह्यलं?" तुळजाबाईनं विचारलं.

त्यानं समुद्राकडं पाहिलं. "मशीन हाय. श्वासाचं."

पलीकडं ती ऐकत होती. एक लाट आली, गेली. दुसरी आली. "बंद पडू देऊ नका बाबा," ती हळूच म्हणाली.

मग फोन दैवशालानं घेतला. ती सासूपासून कुठंतरी बाजूला गेल्याचं आवाजावरून कळलं. "भाऊजी, जल्दी काही तरी करा. तुम्ही गेल्ते त्या दिवसापासून आत्याबाईनं पायातली चप्पल काढली. अंबडच्या देवीला बोलल्यात. देवानंद आपल्या पायानं चालत तुझ्या पायरीशी आला की मंग चप्पल घालीन म्हणल्या. काल बागेला पाणी सोडायला तशाच गेल्त्या. तळपाय फोडानं भरले. मी म्हणलं फडकं तरी बांधते, तर म्हणतात, फडकं बांधलं तर देवीला फसवल्यासारखं होतं."

मच्छिंद्रनं फोन ठेवला. पानावर परत गेला. काट्याविना सोललेला मासा ताटात तसाच पांढरा पडून होता.

जेवणं उरकल्यावर तो किनाऱ्यावर गेला. कुठूनशी आलेली पर्यटक मंडळी चपला हातात घेऊन वाळूतून चालत होती. हौसेनं. एक बाई तर नवऱ्याला सांगत होती, अनवाणी चालणं किती चांगलं असतं. मच्छिंद्रच्या डोळ्यांपुढं वडीगोद्रीची एप्रिलमधली काळी जमीन आली, जिच्यावर कुत्रं दुपारी पाय ठेवत नाही. त्यानं त्या बाईकडं असं पाहिलं की ती चप्पल घालून निघून गेली.

साधना मागून आली. "माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई," ती म्हणाली. दैवशालाचा फोन तिलाही आला होता. "सांगून टाका आता."

"मायला?"

"आधी ज्याला बिमार पाडलं त्याला."

त्यानं उन्हं कलल्यावर, सुरूच्या सावलीत, सांगितलं. देवानंद हसला. असा हसला की कावळे उडाले. "ज्योत्स्ना, आयकलंस गो? माझा ऑपरेशन झाला! रे, बायपास की अँजिओ? चांगल्या हॉस्पिटलात तरी ठेवलं काय माका?" श्वासाचं मशीन ऐकल्यावर तर तो वाळूत आडवाच झाला. मच्छिंद्रही हसू लागला. त्याला वाटलं, सुटलो.

मग देवानंद उठून बसला. अंगावरची वाळू झटकत बसला. झटकून झाली तरी झटकत राहिला.

"मच्छिंद्रा, एक सांग. देवानंदाक भेटूक जातंय, इतक्यान नाय भागला असता?"

"दादा कशाला म्हणला."

"मग सांगायचा, असाच."

मच्छिंद्रनं सुरूचं एक बोंड उचललं आणि परत वाळूत टाकलं.

"मी नऊ वर्षं त्या घरात जेवलंय," देवानंद म्हणाला. "आणि माका बघूक येवक मी मरणाक टेकाक व्हया?"

तो उठला आणि घराकडं गेला. त्याची पाठ फार रुंद होती, त्यामुळे दिसेनाशी व्हायला वेळ लागला. मच्छिंद्र तेवढा वेळ पाहत राहिला. इतकी वर्षं त्यानं लोकांना थापा दिल्या, पण त्या सगळ्या न आलेल्या टोळ्यांबद्दल होत्या. एका जित्या माणसाला आपण घरात बसल्या बसल्या दवाखान्यात टाकलं, आणि ते टाकताना आपल्याला काहीच वाटलं नाही, हे त्याला आता वाटत होतं.

साधनाकडून नवसाचं कळल्यावर, दिवेलागणीला, देवानंद स्वतःच फोन घेऊन आला. "आईक लाव. व्हिडिओ लाव. माका बघितला की इश्वास बसात." राग होता की नव्हता, कळत नव्हतं.

दैवशालानं फोन तुळजाबाईपुढं धरला. देवानंद दोन्ही हात वर करून नाचला. "आई, बघा, मी ठणठणीत असंय! माका काय झालेलाच नाय! ह्यो मच्छिंद्र खोटा बोललो."

तुळजाबाईनं फोन डोळ्यांजवळ घेतला. "बरं बाबा," ती म्हणाली. "तुला काहीच झालं न्हाई. निजून राहा. हात खाली कर, टाके उसवतील. मच्छिंद्रकडं दे."

मच्छिंद्रनं फोन घेतला. ती कुजबुजली, "त्याला सांगितलं न्हाई तुम्ही. बराबर केलं. पण किती सूज आली रं लेकराच्या अंगावर! तोंड पार फुगलंय."

"माय, सूज न्हाई. जाड झाला तो. आजारीच नव्हता. मी खोटं बोललो तुला. समुद्रावर यायचं होतं म्हणून."

"दैवशालानं माझ्या पायाचं सांगितलं वाटतं," तुळजाबाई म्हणाली. "माझ्या पायापायी असं बोलून राह्यला तू. पायाला काही होत न्हाई. त्याच्याजवळ बस."

'मी खोटं बोललो' हे मच्छिंद्रच्या उभ्या आयुष्यातलं पहिलंच वाक्य असावं ज्याचा अर्थ शब्दाला शब्द तोच होता. त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही.

त्यानं फोन खाली ठेवला तेव्हा देवानंद शर्ट घालत होता. "सकाळी निघूया," तो म्हणाला. "पायानं चालत पायरीशी जावचा म्हणजे जावचाच."

"अरे, तुझ्या खोल्या? आता तर सुट्टीची गर्दी..."

"मी बघतंय खोल्यांचा," ज्योत्स्ना आतून म्हणाली. तिनं कोकमाच्या तेलाचा गोळा केळीच्या पानात बांधून साधनाच्या हातात दिला. भेगांना, फोडांना वितळवून लावायचा. "सासूक लाव गो. आणि परत या सगळी. तिकाव घेवन या."

आठ दिवसांची सुट्टी तिसऱ्या सकाळी संपली. अक्षतानं तक्रार केली नाही. तिनं दैवशालानं पाठवलेला आजीच्या पायाचा फोटो पाहिला होता. देवानंद पुढच्या सीटवर बसला आणि घाट चढेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला. मग झोपला आणि घोरू लागला. मच्छिंद्रला त्या घोरण्याचाही आधार वाटला, कारण निदान ते त्याच्याविरुद्ध नव्हतं.

वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वडीगोद्रीत पोचले तेव्हा तुळजाबाई ओट्यावर बसली होती. उठायला गेली आणि टाचांवर तोल सावरत उभी राहिली. देवानंद गाडीतून उतरला, चालत गेला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला; ठेवलं नाही. पाय पाहून तसाच वाकलेला राहिला. तिनं त्याच्या शर्टाची दोन बटणं उघडून छातीवर तळवा फिरवला. वरपासून खालपर्यंत. टाका कुठंच नव्हता. "जेवायला वाढा त्याला," एवढंच म्हणाली आणि तो खात असताना समोर बसून राहिली. त्यानं भाकरी दुधात कुस्करली. चौथी भाकरी मागितली तेव्हा तिला सगळं कळलं असावं, कारण तिनं त्याच्याकडं बघायचं थांबवून मच्छिंद्रकडं पाहिलं.

सोमेश्वर दारात उभा होता. "हे ऑपरेशन कोणत्या हार्टचं झालं म्हणायचं?"

"झालंच न्हाई दादा," मच्छिंद्र म्हणाला. "मी खोटं बोललो. समुद्र बघायला जायचं होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग सांगायचं की." सोमेश्वर खरोखरच चकित झाला होता. "मी काय न्हाई म्हणलो असतो का?"

तो नाही म्हणाला असता, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि आता ते सिद्ध करायचा काही मार्ग उरला नव्हता. सोमेश्वर बागेकडं जाता जाता मागं वळला. "शेतकरी पुरले न्हाईत म्हणून चिटबॉयनं देवीला बी तारीख देऊन टाकली."

तुळजाबाई हसली नाही. "उद्या अंबडला जायचं," ती म्हणाली.

"अगं, पण तो आजारीच नव्हता. नवस कसला फेडायचा? चप्पल घाल आता."

"मी बोलले ते खरं बोलले," ती म्हणाली. "देवीला काय सांगू? पोरगं खोटं होतं म्हणून माझं बी खोटं?"

संध्याकाळी मच्छिंद्रनं कोकमाचं तेल वितळवलं आणि वाटी घेऊन तिच्या पायाशी बसला. तिनं पाय ओढून घेतला नाही, पण हलकेच बाजूला केला. "साधनाला लावू दे. एवढी गाडी हाणली तू, दमला असशील." तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं झालं असतं. तो वाटी साधनाकडं देऊन तिथंच बसून राहिला.

"समुद्र तरी होता का रं खरंच?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"होता."

"ते मशीन म्हणजे तोच का?"

"तोच."

"चांगला आवाज होता," तुळजाबाई म्हणाली. "मी त्या रात्री तोच ताल धरून देवीचं नाव घेत बसले होते."

"तुला न्यायला पाहिजे होतं माय."

"मला कोण नेतंय? तिकडं माझं कोण आजारी हाय?"

साधनानं मान वर केली नाही. मच्छिंद्रनंही नाही. गाडीत मागच्या सीटवर अक्षताशेजारी एक माणूस आरामात बसला असता. घरात कुणाला ते सुचलं नव्हतं, आणि जेव्हा सुचायला हवं होतं तेव्हा मच्छिंद्र हार्टचं ऑपरेशन करण्यात गुंतला होता.

दुसऱ्या दिवशी निघता निघता ऊन चढलंच. अंबडच्या डोंगराच्या पायऱ्या देवानंद धापा टाकत चढला. इतका की एका म्हातारबाबानं त्याला 'आजारी हाय का' असं विचारलं. "होतंय," देवानंद म्हणाला, "बरो झालंय." आणि कोपरानं मच्छिंद्रला ढोसलं. तीन दिवसांतलं हे त्याचं पहिलं ढोसणं. तुळजाबाई त्याचा हात धरून एकेक पायरी टाचेवर चढली. देवीपुढं तिनं त्याला उभं केलं, ओटी भरली, आणि देवीशी काय बोलली ते ऐकू आलं नाही. मच्छिंद्रनं डोळे मिटले. मागायचं काही नव्हतं, आणि कबूल करायचं ते देवीला आधीच कळलेलं होतं.

खाली उतरल्यावर त्यानं पिशवीतून आईची चप्पल काढून तिच्या पायापुढं ठेवली. चप्पल पायात जाईना. पाय सुजले होते. अंगठा आत गेला तरी टाच बाहेर राहत होती. तिनं दोनदा प्रयत्न केला आणि खाली बसली.

मच्छिंद्रनं आपली चप्पल काढली आणि पुढं ठेवली. ती मोठी होती. तुळजाबाईनं त्यात पाय सरकवले, देवानंदच्या हाताला धरून उठली आणि फटक फटक करत चालू लागली. गाडी पार दूर, उघड्यावर उभी होती. मच्छिंद्र तिची चप्पल हातात घेऊन मागून निघाला. पहिल्या चार पावलांत त्याला उड्या माराव्या लागल्या. मग उड्यांचाही उपयोग होईना.

"भाजून राह्यलं का रं?" तिनं मागं न बघता विचारलं.

जिभेवर 'न्हाई' आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"भाजतंय माय. लई भाजतंय."

हे तिला लगेच पटलं. तिनं मान हलवली, आणि चाल जरा कमी केली. पाय दुखत होते म्हणून, की आणखी कशासाठी, हे विचारायची मच्छिंद्रची छाती झाली नाही. तिच्या मागं, तिच्याच चालीनं, तो गाडीपर्यंत चालत गेला.